चित्रपट आणि त्यासोबतचे व्याख्यान : निवडीपासून चर्चेपर्यंत

चित्रपटासोबत दिल्या जाणाऱ्या व्याख्यानाचे काम एकच असते, ते म्हणजे प्रेक्षकाने पडद्यावर जे पाहिले ते त्याला पुन्हा आणि अधिक नेमकेपणाने पाहायला लावणे. दिग्दर्शकाचे चरित्र, पुरस्कारांची यादी, कथेचा सारांश ही सगळी माहिती विद्यार्थ्याला मोबाइलवर मिळते आणि तिच्यासाठी सभागृहात अंधार करण्याची गरज नसते. कोल्हापूर शहरात आणि परिसरात मराठी, इतिहास, समाजशास्त्र किंवा जनसंवाद शिकवणाऱ्या, आणि वर्षातून एकदा-दोनदा तरी विद्यार्थ्यांना चित्रपट दाखवून त्यावर बोलू इच्छिणाऱ्या प्राध्यापकांसाठी हा लेख लिहिला आहे.

या प्रकारच्या अध्यापनाची भक्कम परंपरा आपल्या जवळच, पुण्यात आहे. तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट रसास्वाद हा विषय अनेक वर्षे शिकवला, आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सहकार्याने रसास्वादाचे अभ्यासक्रमही चालले. एकाच चित्रपटातील दृश्ये थांबवत, मागे नेत, पुन्हा दाखवत त्याची रचना उलगडायची, ही त्या अध्यापनाची मुख्य रीत होती. महाविद्यालयात आपल्याला तिची छोटी आवृत्ती करायची आहे.

पहिली पायरी : आधी प्रश्न ठरवा, मग चित्रपट

बहुतेक कार्यक्रम जयंती, पुण्यतिथी किंवा मराठी भाषा गौरव दिनाच्या निमित्ताने ठरतात आणि चित्रपट त्या निमित्ताला शोभेल असा निवडला जातो. अशा कार्यक्रमातील व्याख्यान गौरवाच्या भाषणापलीकडे सहसा जात नाही. त्याऐवजी आपल्या विषयाला लागू पडणारा एक प्रश्न एका वाक्यात लिहावा, आणि ज्याचे उत्तर केवळ कथा सांगून देता येणार नाही, चित्र आणि ध्वनी दाखवूनच द्यावे लागेल, असाच तो असावा.

कोल्हापुरात ही खबरदारी विशेष घ्यावी लागते, कारण इथे चित्रपटाचा विषय निघाला की शहराचा इतिहास आपोआप व्यासपीठावर येऊन बसतो. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, १ जून १९२९ रोजी इथेच स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ हा वारसा खरा आणि मोठा आहे. परंतु त्याचा उल्लेख म्हणजे चित्रपटाचे विवेचन नव्हे. शिवाय महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, आणि १९२५ चा गाजलेला ‘सावकारी पाश’ही त्यांतच आहे. त्याच्यावर छायाचित्रे आणि तत्कालीन मजकूर दाखवून उत्तम व्याख्यान होऊ शकेल, मात्र ते प्रदर्शनासोबतचे व्याख्यान होणार नाही आणि त्याची तयारीही वेगळी असेल.

स्थानिक वारसा आणि पडद्यावरचा पुरावा यांची खरी गाठ घालायची असेल, तर एक जोडी फार उपयोगी आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष नटाने केली. तीच कथा घेऊन प्रभातने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट केला, तो १९३२ मध्ये पडद्यावर आला, आणि त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र तर दुर्गा खोटे तारामती होत्या. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रुळलेली नसल्यामुळे नट चित्रीकरणाच्या वेळीच गात असत. मूकपटाचा शिल्लक असलेला काही मिनिटांचा भाग आधी दाखवून मग बोलपट दाखवला, तर “ध्वनी आल्यावर नटाच्या शरीराचे काय झाले?” असा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्याला पडद्याकडेच पाहावे लागते.

पुढील विवेचनासाठी उदाहरण म्हणून मी ‘संत तुकाराम’ घेतो. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ चा चित्रपट सुमारे १३१ मिनिटांचा आहे. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात तो गौरवला गेला, हे सर्वांना ठाऊक असते. माझा प्रश्न मात्र असा आहे: तुकारामांचा अभंग दोन माणसे गातात, मग एकाच्या गाण्यावर आपला विश्वास का बसतो आणि दुसऱ्याच्या का बसत नाही?

दुसरी पायरी : व्याख्यात्याने चित्रपट कसा पाहावा

चित्रपट किमान तीनदा पाहावा. पहिल्या वेळी वही-पेन दूर ठेवून, शक्य असेल तर मोठ्या पडद्यावर, सलग पाहावा, कारण विद्यार्थी तसाच पाहणार असतात आणि त्यांना कुठे कंटाळा येईल, कुठे हसू फुटेल, याचा अंदाज आपल्याला तेव्हाच येतो. दुसऱ्या वेळी वेळेच्या नोंदी करत पाहावा: तास, मिनिट, सेकंद आणि त्यापुढे एका ओळीत दृश्य. या नोंदी ज्या प्रतीवरून केल्या तीच प्रत प्रदर्शनाला वापरावी, कारण इंटरनेटवरील प्रतींमध्ये सुरुवातीच्या पाट्या कमी-जास्त असतात आणि मग सगळ्या वेळा चुकतात.

तिसऱ्या वेळी पूर्ण चित्रपट पाहण्याची गरज नाही. प्रश्नाला भिडणारी तीन दृश्ये निवडावीत आणि ती एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून केवळ ऐकत तपासावीत. ‘संत तुकाराम’च्या सुरुवातीलाच तुकाराम तल्लीन होऊन अभंग गातात आणि लगेच तोच अभंग त्यांचा प्रतिस्पर्धी सालोमालो देवळात, श्रोत्यांसमोर, स्वतःच्या नावावर खपवत नाटकी ढंगाने गातो. आवाज बंद केला की दोघांच्या हातांतील, मानेतील आणि नजरेतील फरक ठळक होतो; नुसते ऐकले की रंगभूमीवरची गायकी आणि भजनातील गायकी यांतला फरक कानावर येतो. तुकारामांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे मुळात रंगभूमीवरचे नट, तेही स्त्रीभूमिकांसाठी नावाजलेले, आणि तरीही चित्रपटात नाटकीपणा त्यांच्याकडे नाही, तो त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे आहे. एवढी एक गोष्ट नीट दाखवली तरी व्याख्यानाचा निम्मा कार्यभाग साधतो.

निवडलेल्या दृश्यांपैकी एकाचा तरी शॉटवार तक्ता करावा: शॉट किती सेकंदांचा आहे, कॅमेरा किती दूर आहे, तो हलतो की स्थिर आहे, कोण बोलते, पार्श्वभूमीला काय ऐकू येते. हे काम कंटाळवाणे आहे, दोन मिनिटांच्या दृश्याला एखादी संध्याकाळ जाते, आणि तरीही ते टाळू नये असे माझे ठाम मत आहे. “इथे दिग्दर्शकाने उत्कट वातावरण निर्माण केले आहे” यासारखी पोकळ वाक्ये तक्ता केलेल्या माणसाच्या तोंडून सहसा निघत नाहीत.

संदर्भ तपासतानाही दक्षता घ्यावी. ‘आधी बीज एकले’ ही रचना अनेक जण तुकारामांचा अभंग म्हणून उद्धृत करतात. प्रत्यक्षात ती या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिली. प्राध्यापकानेच ती गाथेतील म्हणून सांगितली, तर सभागृहातला एखादा वारकरी श्रोता ते नक्की लक्षात आणून देईल.

तिसरी पायरी : कायदा आणि प्रेक्षकांचे वय

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचे हक्क प्रसिद्धीच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतात, त्यामुळे १९३६ च्या चित्रपटाचे हक्क आता संपलेले आहेत. अलीकडच्या चित्रपटांसाठी कलम ५२ मधील शैक्षणिक अपवाद उपयोगी पडतो: संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो, परंतु प्रेक्षक संस्थेचे कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरतेच मर्यादित असावे लागतात. दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात तोच कार्यक्रम सर्वांसाठी खुला ठेवला, तर हा अपवाद लागू होत नाही आणि हक्कधारकाची लेखी परवानगी घ्यावी लागते. ओटीटी मंचाचे वैयक्तिक खाते वापरून सभागृहात चित्रपट दाखवणे हा तर त्या मंचाशी केलेल्या कराराचाही प्रश्न आहे, कारण अशी खाती सहसा घरगुती वापरापुरती दिलेली असतात. जुन्या चित्रपटांच्या चांगल्या प्रतीसाठी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी पत्रव्यवहार करावा; ते २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अंतर्गत आहे.

आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग आणि पदवीचे वर्ग पुष्कळदा एकाच इमारतीत भरतात. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट ठेवला असेल, तर १८ वर्षांखालील विद्यार्थी दारातून आत येणार नाहीत याची व्यवस्था सूचनाफलकावर विसंबून न राहता प्रत्यक्ष करावी लागते.

चौथी पायरी : सभागृह

महाविद्यालयांची सभागृहे भाषणांसाठी बांधलेली असतात. त्यात चित्रपट दाखवायचा म्हणजे तीन गोष्टी सुधारून घ्याव्या लागतात: प्रकाश, आकार आणि आवाज.

प्रकाशाची पाहणी कार्यक्रमाच्याच वेळेला, आदल्या आठवड्यात करावी. सकाळी अंधारी वाटणारी खोली दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडक्यांमुळे उजळून निघते, आणि काळ्या-पांढऱ्या चित्रपटातील सावल्या पार पुसल्या जातात. काळा जाड कपडा खिडकीच्या चौकटीबाहेर चारही बाजूंनी वीतभर जाईल असा लावावा. केवळ पडदा ओढल्याने फटींतून येणारा उजेड थांबत नाही. सपाट जमिनीच्या सभागृहात पडद्याची खालची कड जमिनीपासून किमान चार फूट वर घ्यावी, अन्यथा चौथ्या रांगेपासून पुढच्यांची डोकीच दिसतात.

आकाराचा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. तीसच्या दशकातील बोलपटांची चौकट जवळपास ४:३ या प्रमाणाची असते, तर आजचे बहुतेक प्रोजेक्टर आणि लॅपटॉप १६:९ किंवा त्याच्या जवळच्या प्रमाणाला जुळवलेले असतात. यंत्राने चित्र आपोआप ताणून पडदा भरला, तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने अधिक रुंद दिसतो, आणि शरीराच्या ठेवणीवर बोलायला उभ्या राहिलेल्या व्याख्यात्याचा पुरावाच बिघडतो. चित्रपटातील एखादी गोल वस्तू, परात किंवा टाळ, पडद्यावर गोल दिसते का ते पाहावे. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर त्या राहू द्याव्यात. मूकपटाच्या बाबतीत वेगही तपासावा. सेकंदाला १६ चौकटी या वेगाने चित्रित झालेला भाग २४ च्या वेगाने दाखवला तर तो दीडपट वेगाने धावतो, विद्यार्थी हसतात, आणि जुना अभिनय मुळातच हास्यास्पद होता असा त्यांचा गैरसमज होतो.

आवाजासाठी छतालगतच्या भोंग्यांवर अवलंबून राहू नये. पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीपेक्षा थोडे वर, दोन स्पीकर ठेवावेत आणि जुन्या ध्वनिपट्टीसाठी खर्ज कमी करावा, म्हणजे शब्द मोकळे होतात. पंखे हा दुसरा शत्रू आहे. पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या सभागृहात चित्रपट ठेवूच नये, कारण कोल्हापूरच्या पावसापुढे १९३६ ची ध्वनिपट्टी टिकाव धरू शकत नाही. मराठी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी उपशीर्षके शक्यतो बंद ठेवावीत, कारण नजर चित्राऐवजी अक्षरांवर जाते. त्याऐवजी न कळणाऱ्या अभंगांचे शब्द छापून आधीच हातात द्यावेत.

पाचवी पायरी : वेळ

तासिका ४८ मिनिटांची असो वा ६० मिनिटांची, १३१ मिनिटांचा चित्रपट तिच्यात बसत नाही, आणि तो दोन दिवसांत तोडून दाखवणे हा मला सर्वांत वाईट पर्याय वाटतो. शनिवारी सकाळी साडेनऊला सुरुवात केली, तर प्रास्ताविक, चित्रपट, व्याख्यान आणि चर्चा मिळून साधारण दीड वाजेपर्यंत सर्व आटोपते. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडून येणाऱ्या मुला-मुलींच्या एसटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. घड्याळाकडे डोळे लावून बसलेला श्रोता चर्चेत भाग घेत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी वाढली की करवीर आणि शिरोळमधील कितीतरी रस्ते बंद होतात, म्हणून त्या काळात तारीख ठरवू नये. शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा मोठा फुटबॉल सामना असलेल्या दिवशीही हाच सल्ला लागू आहे, आणि तो गमतीने दिलेला नाही.

आता सत्काराविषयी. दीपप्रज्वलन, रोपटे देऊन स्वागत, पाहुण्यांचा परिचय, अध्यक्षीय मनोगत यांत सहज पाऊण तास जातो आणि तेवढाच वेळ शेवटी चर्चेतून कापला जातो. प्राचार्यांशी आधीच बोलून हा सर्व भाग पाच मिनिटांत, चित्रपटाच्या आधी, उरकण्याचे ठरवावे, आणि आभारप्रदर्शन चर्चेनंतर दोन वाक्यांत करावे. व्याख्याता बाहेरचा असेल तर त्याला वेळेची ही वाटणी निमंत्रणपत्रातच लेखी कळवावी.

सहावी पायरी : चित्रपटाआधीची दहा मिनिटे

चित्रपटाआधी दहा मिनिटांहून अधिक बोलू नये. या वेळात वर्ष, निर्मिती आणि आवश्यक तेवढी पार्श्वभूमी सांगावी, ठरवलेला प्रश्न विचारावा आणि लक्ष ठेवण्याच्या दोन जागा सुचवाव्यात, यापलीकडे काही करू नये. “गाताना कोण कुणाकडे पाहतो, आणि जिजाई बोलायला लागली की दृश्याचा वेग कसा बदलतो, एवढेच ध्यानात ठेवा” असे सांगितले की पुरे. अन्वयार्थ या टप्प्यावर सांगितला, तर विद्यार्थी पुढचे दोन तास तो पडताळून पाहण्यात घालवतात आणि स्वतःचे काहीच पाहत नाहीत. कथेचा शेवट लपवण्याचा अट्टहास मात्र नको. तुकारामांचे वैकुंठगमन ठाऊक नसलेला प्रेक्षक कोल्हापुरात मिळणे कठीण आहे.

चित्रपट चालू असताना व्याख्यात्याने शेवटच्या रांगेत बसावे. प्रेक्षक कुठे हसले, कुठे चुळबुळ झाली, कुठे शांतता पसरली, याच्या वेळा टिपाव्यात, कारण नंतरच्या व्याख्यानात आपण ठरवून आणलेल्या मुद्द्यांपेक्षा या नोंदी अधिक कामी येतात. आजारी मुलाला घेऊन चिडलेली जिजाई पायताण घेऊन विठोबाकडे जाते, त्या दृश्याला आजचा वर्ग हसेल की गप्प होईल, हे आधी सांगता येत नाही. जे घडेल त्यावरून पुढे बोलायचे असते.

सातवी पायरी : मुख्य व्याख्यान

चित्रपट संपताच दिवे हळूहळू लावावेत, दोन-तीन मिनिटे कोणी बोलू नये, आणि चहा मुळीच देऊ नये. चहाला बाहेर गेलेल्यांपैकी बरेच जण परत येत नाहीत, आणि जे येतात त्यांचे चित्रपटातून बाहेर येऊन झालेले असते. चहा शेवटी ठेवावा.

व्याख्यान पस्तीस मिनिटांचे असावे आणि त्यात तीन दृश्ये मिळून दहा मिनिटे पुन्हा दाखवावीत. ही दृश्ये आधीच वेगवेगळ्या फायलींत कापून, क्रमांक देऊन ठेवावीत. मूळ चित्रपट पुढे-मागे सरकवत दृश्य शोधणारा व्याख्याता पाच मिनिटांत सभागृह गमावतो. प्रत्येक दृश्याच्या आधी काय पाहायचे ते सांगावे, दृश्य सलग दाखवावे आणि ते चालू असताना त्यावर बोलू नये. त्यानंतर एखादी चौकट स्थिर करून तिच्यावर बोलावे.

माझ्या उदाहरणात पहिले दृश्य दोन गायनांचे. आधी आवाजासह, मग आवाजाशिवाय. इथे विद्यार्थ्यांनाच विचारावे की कोणाच्या हातवाऱ्यांना श्रोत्यांची गरज आहे. दुसरे दृश्य जिजाईचे: गौरी या अभिनेत्रीने तिला दिलेली बोलण्याची ठसकेबाज, घरगुती लय आणि तुकारामांची मंद लय शेजारी-शेजारी ठेवली की भक्ती आणि संसार यांतला झगडा संवादांच्या अर्थाइतकाच त्यांच्या गतीतही आहे हे दिसते. तिसरे दृश्य एखाद्या चमत्काराचे घ्यावे. चित्रपटाने सामान्य माणसांचे व्यवहार इतके खरे रंगवले आहेत की त्याच जगात चमत्कार घडतो तेव्हा युक्ती-चित्रीकरण उघड दिसूनही प्रेक्षक तो स्वीकारतो; हे कसे साधले, याची चर्चा वैज्ञानिक दृष्टिकोनाचा कैवार घेणाऱ्या विद्यार्थ्यांशीही मोकळेपणाने करता येते. इथे माझा स्वतःचा कल असा आहे की चमत्कारापेक्षा त्याच्याकडे पाहणारे गावकऱ्यांचे चेहरे हा प्रसंग तोलून धरतात, पण वर्गाने याला विरोध केला तर त्यांना दृश्य पुन्हा लावायला सांगावे आणि पुराव्यानिशी बोलू द्यावे.

भाषा मराठी ठेवावी आणि क्लोजअप, शॉट, संकलन हे रूढ शब्द बिनदिक्कत वापरावेत. व्याख्या सांगत बसू नये. पडद्यावर दाखवले की कळते.

आठवी पायरी : चर्चा

“चित्रपट आवडला का?” हा प्रश्न चर्चा मारतो. “तुम्हाला आठवणारी एक चौकट सांगा, तिच्यात कोण कुठे उभे होते?” असे विचारले की लाजणारा विद्यार्थीही बोलतो, कारण त्याला मत द्यायचे नसते, पाहिलेले सांगायचे असते. प्रश्न चिठ्ठ्यांवर मागवण्याची सोयही ठेवावी. मागच्या रांगांतून येणारे सर्वांत चांगले प्रश्न बहुधा निनावी असतात.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट हमखास घडते. संस्थेशी संबंधित एखादे ज्येष्ठ गृहस्थ उठतात आणि आपल्या वडिलांनी किंवा चुलत्यांनी स्टुडिओत केलेल्या कामाच्या आठवणी सांगू लागतात. त्यांना मध्येच थांबवणे शोभत नाही आणि चर्चेचा सर्व वेळ देणेही परवडत नाही. “काका, हे आम्हाला सविस्तर हवे आहे, पुढच्या आठवड्यात आपण बसून ध्वनिमुद्रण करू” असे सांगून त्यांची वेळ तिथल्या तिथे ठरवावी, त्यांची संमती घ्यावी आणि दोन विद्यार्थ्यांवर ती जबाबदारी सोपवावी. ज्या कंपन्यांचे चित्रपटच उरले नाहीत त्यांच्याविषयीचा इतिहास आता अशा घरगुती आठवणींतूनच थोडाफार हाती लागतो, म्हणून हे काम सौजन्यापोटी करायचे नसून अभ्यासाचा भाग म्हणून करायचे असते.

नववी पायरी : कार्यक्रमानंतर

विद्यार्थ्यांकडून परीक्षण मागवू नये. इंटरनेटवरील मजकूर जसाच्या तसा येतो. त्याऐवजी एका दृश्याचे तीनशे शब्दांत निव्वळ वर्णन लिहून घ्यावे, ज्यात ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘हृदयस्पर्शी’ ही विशेषणे वापरायची नाहीत, आणि अन्वयार्थ शेवटच्या दोन वाक्यांपुरताच ठेवायचा. हे वर्णन तीन दिवसांच्या आत मागावे.

एका फाइलीत वेळेच्या नोंदी, शॉटचा तक्ता, कापलेली दृश्ये, अभंगांचा छापील कागद, प्रेक्षकांच्या प्रतिसादाच्या नोंदी आणि आलेल्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून तिची एक प्रत विभागात आणि एक ग्रंथालयात द्यावी. पुढच्या वर्षी तोच चित्रपट दुसऱ्या प्राध्यापकाने घेतला, तर त्याला पहिल्या पायरीपासून सुरुवात न करता थेट चिठ्ठ्यांमधल्या अनुत्तरित प्रश्नापासून करता येते.